नऊ नक्षत्रांची वाकळ

आमच्या घरात साचे दोन होते. एक आबांचा. तो मिलमध्ये, साचाखात्यात, लोखंडाचा, तेलानं न्हालेला आणि इतका दणदणीत, की त्याच्यापुढं पंधरा-वीस वर्षं उभी राहिलेली माणसं घरात मीठ मागतानाही ओरडून मागत. दुसरा आईचा. तो तळहाताएवढा, त्रिकोणी, वहीच्या पुठ्ठ्यावर कालनिर्णयचं जुनं पान चिकटवून कापलेला. त्याच्यावर अजून ‘संकष्ट’ एवढी अक्षरं दिसतात. ‘चतुर्थी’ कात्रीत गेली. आबांचा साचा भंगारात जाऊन जमाना लोटला. आईचा माझ्याकडं आहे.

त्या पुठ्ठ्याच्या जोरावर आईनं १९८१ च्या पावसाळ्यात एक वाकळ शिवली. वाकळ म्हणजे गोधडी. आम्ही साताऱ्याकडचे, पाटण तालुक्यातले, कोयनेच्या खोऱ्यातले. आमच्याकडं वाकळच म्हणतात. चाळीत समोरच्या खोलीत रत्नागिरीकडच्या काकू होत्या. त्या गोधडी म्हणायच्या आणि आईच्या ‘वाकळे’ला हसायच्या. त्यांच्या मते वाकळ म्हणजे बैलगाडीत वैरणीवर टाकायची ओबडधोबड वस्तू. आईच्या मते गोधडी म्हणजे वेळ जात नसलेल्या बायकांचं नाजूक काम. थंडी दोन्हींत सारखीच अडायची.

डिलाइल रोडला ना. म. जोशींचं नाव लागून पिढ्या उलटल्या, तरी लोअर परळमध्ये त्याला कुणी मार्ग म्हटलेलं मी फारसं ऐकलं नाही. त्या रस्त्यावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, दोन रांगांच्या मधून जाणारा लांबलचक बोळ. भर दुपारी त्या बोळात सुईत दोरा ओवायचा तर टोकाच्या खिडकीपर्यंत चालत जावं लागे. खोली १६० चौरस फुटांची. त्यात आम्ही पाच जण राहायचो आणि त्या वर्षी आणखी दहा जण जेवायचे.

‘त्या वर्षी’ म्हणण्याला कारण आहे. एरवी पावसाळ्यात आई मुंबईत नसायचीच. मृगाच्या आधी परळ डेपोतून एसटी धरायची आणि भातलावण, भांगलण उरकून मगच परत यायची. पुन्हा सुगीला जायची. आम्ही भावंडं आबांच्या आणि समोरच्या काकूंच्या ताब्यात. चाळीतल्या निम्म्या घरांची हीच रीत होती. मुंबईतली पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली तेव्हापासून गिरण्यांच्या मालकांची एक तक्रार जुनीच: पाऊस आला की कामगार गावाला पळतो. पळणार नाही तर काय? पगारातून घरभाडं भागायचं आणि गावची मनिऑर्डर जायची; पण वर्षाचे तांदूळ, नाचणी, घेवडा एसटीच्या टपावरून यायचा. गिरणगावात पोट भरायला मिल आणि मिल थंडावली तर शेत, असा तो दुहेरी हिशेब. एका हप्त्यावर जगणारी माणसं ती नव्हतीच.

तर त्या वर्षी धाकट्या आत्याच्या लग्नाचं कर्ज होतं आणि आईनं खानावळ घेतली. आमच्याच खोऱ्यातली दहा माणसं, गावकरी मंडळाच्या खोलीत राहणारी. कुणी फिनिक्स मिलला, कुणी मथुरादासला, कुणी कमलाला, दोघे श्रीनिवासला. तीन पाळ्यांत विभागलेली, त्यामुळं चूल सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी. सावकाराच्या व्याजातून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. आई कुठल्या मंडळात नव्हती. तिचं मंडळ म्हणजे दोन पातेली आणि एक परात. दहा माणसं टाकून लावणीला जाणार कशी? आबा म्हणाले, ‘यंदा वाट्यानं देऊ.’ आई काही बोलली नाही. आमच्या घरात आई बोलली नाही म्हणजे बोलणं संपलं नाही, असा अर्थ होता.

मृग लागला त्या दिवशी तिनं ट्रंकेतून कात्री काढली.

या नक्षत्रांचं एक मला फार उशिरा कळलं. शाळेत असताना मला वाटायचं, मृग लागला म्हणजे आकाशात मृग दिसत असणार. ढग नसते तर दिसलाच असता. तसं नाही. सूर्य मृगात जातो तो ७-८ जूनच्या सुमाराला, म्हणजे त्या दिवसांत ते नक्षत्र सूर्याच्याच पाठीशी असतं, उजेडात बुडालेलं. ढग असोत-नसोत, ते दिसायचं नाहीच. मृग दिसतो तो हिवाळ्यात, पिकं निघून गेल्यावर, डोक्यावर. पेरा करणारा माणूस ज्या चांदण्यांच्या भरवशावर बी टाकतो त्या त्याला त्या वेळी कधीच दिसत नसतात. पंचांगात असतात, आजीच्या तोंडी असतात आणि पावसाच्या वागण्यात असतात.

आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण पावसाची नऊ नक्षत्रं तिला नातवंडांसारखी माहीत. मिरग, आडदरा, मग तरणा, मग म्हातारा. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा: अंगात येऊन पडणारा. पुष्याचा तो म्हातारा: दिवसभर कण्हत बसणारा. मग आश्लेषा. मग मघा, तो सासवांचा पाऊस. पूर्वा तो सुनांचा. उत्तरा, आणि शेवटी हस्त, म्हणजे हत्ती. नक्षत्र लागलं की त्याचं वाहन काय ते आजी कुणाकडून तरी वाचून घ्यायची. बेडूक, म्हैस, हत्ती निघाला की तिचा चेहरा खुलायचा. कोल्हा किंवा मेंढा निघाला तर पंचांग वाचणाऱ्यालाच चार शब्द ऐकावे लागत.

आईनं ठरवलं ते एवढंच: नक्षत्र लागेल तशी एक चांदणी. हे तिनं तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही बघितलं ते असं, की दर तेरा-चौदा दिवसांनी खोलीच्या कोपऱ्यात कापडाची एक चांदणी तयार व्हायची आणि मग दोन-चार दिवस आई जरा बरी असायची.

खरं तर वाकळेत चांदणी नसते. वाकळ करायची रीत सरळ आहे. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर जिथं विरलंय तिथं ठिगळ लावायचं, आणि कडेनं धावदोरा घालत चौकोनातल्या चौकोनात आत-आत यायचं, मधोमध पोचेपर्यंत. नांगरटीसारखं. आजीच्या वाकळेवर हात फिरवला की ताली-बांधांवरून हात फिरवल्यासारखं वाटे. यात काही कापायचं नसतं. जे आपोआप फाटलंय तेच जोडायचं असतं. आईनं मात्र नवं कापड घेऊन ते कापलं.

नवं म्हणजे मिलच्या दुकानातलं सेकंड. छपाई सरकलेलं, काठाला डाग पडलेलं. गेटवर झडती असायची, त्यामुळं चिंधीसुद्धा पावतीशिवाय बाहेर यायची नाही. खानावळीच्या माणसांनाही वेड लागलं. ‘वहिनी, आमच्याकडं हिरवं पॉपलिन निघालंय, आणू का पाव मीटर?’ असं ताटावर बसून विचारायचे. कुणी मांजरपाट आणलं, कुणी लेंग्याचं पट्ट्यापट्ट्याचं, कुणी वर्दीचं खाकी ड्रिल. त्या एका वाकळेत लोअर परळच्या चार-पाच मिलांचं कापड आहे. कुठला तुकडा कुठल्या मिलचा हे आबा नुसतं दोन बोटांत चोळून सांगायचे. आता सांगणारं कुणी नाही.

चांदणीचा नमुना आईनं कुठून आणला असं मला पुष्कळांनी विचारलं. ती सांगते, रांगोळीतून. तीन ओळी, तीन घरं, अशी नऊ घरं आखायची. मधलं घर भरीव. चार कोपऱ्यांतली चार घरं मोकळी. उरलेल्या चार घरांना दोन्ही कर्णांनी छेदायचं, म्हणजे एकेका घरात चार त्रिकोण होतात; त्यांतले समोरासमोरचे दोन गडद, दोन फिके. आठ गडद टोकं चारी दिशांना बाहेर पडली की झाली चांदणी. पाच चौकोन आणि सोळा त्रिकोण, एकूण एकवीस तुकडे. एकवीस हा आकडा निघाल्यावर आईला बरं वाटलं. गणपतीचे मोदक एकवीस, दूर्वा एकवीस, आपली चांदणी एकवीस.

पहिल्या चांदणीचं मात्र वाटोळं झालं. शिवणारी माणसं कापताना कडेला जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. दोन तुकडे जोडले की माया आत जाते, दिसत नाही, पण तिच्यामुळं उसवत नाही. आईनं त्रिकोणाच्या दोन बाजूंना माया सोडली, तिसरीला विसरली. सगळे तुकडे जोडून पाहिलं तर चांदणीची टोकं शिवणीत गिळली गेली होती. चांदणी कसली, चार पाकळ्यांचं बसकं फूल.

त्यात आणखी एक गोम होती, ती आबांनी दाखवली. तिसऱ्या पाळीहून आलेले आबा, डोळे तांबारलेले, डोक्यात कापसाचे तंतू. त्यांनी तो त्रिकोण उचलला, आधी उभा ओढला, मग आडवा ओढला. हलला नाही. मग तिरका ओढला. रबरासारखा लांबला. ‘हा ताणा, हा बाणा,’ ते म्हणाले, ‘ह्या दोघांवर कापड उभं असतं. तिरपं कापलंस की ते कुणाच्याच आधाराला नसतं, दगा देणार.’ मग त्यांनी अंधारातच, खिडकीशी न जाता, बोटांनी चाचपून कापडाचा ताणा शोधला आणि आईला दाखवलं, की चौकोन ताण्याला धरून आख, म्हणजे त्रिकोणाची लांब बाजू ताण्यावर येईल आणि तिरप्या बाजू आत एकमेकींना धरून राहतील. आयुष्यभर साच्यावर कापड विणलेल्या माणसानं आपल्या बायकोला कापडाबद्दल काही सांगितलं असेल तर ते एवढंच, आणि तेही झोपायच्या आधीची पाच मिनिटं.

बिघडलेली चांदणी आईनं उसवली नाही. ‘मिरग असाच येतो, बोथट,’ म्हणाली. वाकळेत ती वरच्या ओळीत डावीकडं आहे, मातकट पट्ट्यांची.

दुसरी हिरवी. तेव्हा गावाकडं तरवा हातभर उंच झाला असणार. तिसरी तरण्या पावसाची, लालभडक. ती शिवताना आईचं बोट दोनदा टोचलं, कारण तरण्याच्या दिवसांत लावण असते आणि ती मनानं चिखलात उभी होती. कागदावर तांदूळ निवडत असताना मध्येच ‘आज तळीच्या खाचरात पोचली असतील,’ असं काहीतरी म्हणायची. आम्ही विचारायचो, कोण? ती ‘कुणी न्हाई’ म्हणायची. म्हातारा पाऊस खाकी ड्रिलचा, जाड, सुई पार जायची नाही. अंगुस्तान घालून ढकलायला लागायची. आश्लेषेची निळी. मघेची चांदणी तिनं मिलच्या कापडातून केलीच नाही. सासवांचा पाऊस ना, मग आजीचं एक विरलेलं लुगडं होतं, त्यातली. आणि पूर्वेची, सुनांची, स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याच्या पदरातली. ह्या दोन्ही वाकळेत शेजारी-शेजारी येत नाहीत. सहाव्या घरानंतर ओळ संपते आणि सुनेची चांदणी खालच्या ओळीला जाते. आईला मी एकदा विचारलं, मुद्दाम? ती म्हणाली, ‘तीन-तीनची वळ हाय, त्यात काय मुद्दाम?’ माझा विश्वास नाही.

अंथरायचा प्रश्न वेगळाच. १६० चौरस फुटांच्या खोलीत पुरी वाकळ पसरायला जागा कुठली? दुपारी एक ते तीन बोळ जरा मोकळा असायचा. पहिली पाळी सुटायची होती, तिसरीची माणसं झोपलेली. तेव्हा आई बोळात वाकळ पसरून दोन्ही कडांना पाटा-वरवंटा ठेवायची आणि ओणवी होऊन टाके घालायची. संडासाला जाणारे-येणारे भिंतीला चिकटून चालत. एखादं पोर अंगावरून उडी मारायचं. आई वर न बघता ओरडायची, ‘पाय लावू नगंस, पीक हाय ते.’ काकू हसायच्या. पण त्याही हळूहळू दुसऱ्या बाजूला बसून टाके घालू लागल्या आणि मग त्यांच्या बाजूचे टाके आईच्यापेक्षा बारीक आले, यावरून दोघींचं चार दिवस बोलणं बंद होतं. वाकळ उलटी करून पाहिलं तर अजून कळतं, कुठवर सातारा आणि कुठून रत्नागिरी.

मध्ये एका ग्रंथालयात अमेरिकेतल्या शेतकरी बायकांच्या गोधड्यांचं पुस्तक हाती आलं आणि मी चरकलेच. हीच आमची चांदणी, हीच नऊ घरं, हेच एकवीस तुकडे. तिकडं तिला ओहायओ स्टार म्हणतात. दुसरी एक आहे तिला करवतीच्या दात्यांची चांदणी म्हणतात, म्हणजे नावं ठेवणाऱ्या बायका अवजारांच्या घरातल्याच. गाई पिळायच्या, कोंबड्यांना दाणे टाकायचे, हिवाळ्यात बर्फानं दार बंद झालं की त्रिकोण जोडत बसायचं. ओहायओतल्या ॲडम्स काउंटीत डॉना सू ग्रोव्ह्स नावाच्या बाईनं आपल्या आईच्या गोधड्यांचा मान म्हणून २००१ मध्ये गोठ्यांच्या भिंतींवर असे चौकोन मोठाले रंगवायची प्रथा सुरू केली, आणि ती राज्याराज्यांत पसरली. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तिकडं १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, अमेरिकेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशानं ही मुंबई फुगली, फुटली आणि पुढं गिरण्यांची झाली. तेव्हा त्यांच्या चांदण्या आणि आमच्या चांदण्या अगदीच परक्या नाहीत. कापसाच्या नात्यानं चुलत बहिणी लागतात.

पण त्यांची आणि आमची भावना एकच होती वगैरे मी म्हणणार नाही. त्यांच्या बायका आपल्या शेतात बसून चांदणी करत. आईनं केली ती शेत लांब राहिलं म्हणून.

वाकळेचं नववं घर, खालच्या ओळीतलं उजवीकडचं, रिकामं आहे. कोरं मांजरपाट, त्यावर नुसता धावदोरा. त्याच्यावर मी आजवर फार बोलले आहे. सरळ कबूल करते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख कामगार बाहेर पडले. मार्चपर्यंत आमची खानावळ दहावरून तीनवर आली, मेमध्ये पातेली ट्रंकेत गेली आणि आम्ही सगळेच गावी. आबा परत आले ते दोन वर्षांनी, एका इमारतीच्या गेटवर वॉचमन म्हणून. अंगात खाकी ड्रिल. अशा पार्श्वभूमीवर नववी चांदणी अर्धवट राहिलेली, म्हणजे अर्थ आपोआपच लागतो. मी कॉलेजात तसा निबंध लिहिला, बक्षीस मिळालं. पुढं एका सभेत भाषणही केलं: संपानं गिळलेली चांदणी. लोक हळहळले. त्या सभेला आबा समोर बसले होते. घरी येताना पुलावर एवढंच म्हणाले, ‘संप जानेवारीत झाला. हस्त दसऱ्याला असतो.’ मला वाटलं, वय झालं, तपशिलात अडकतात.

आता चाळही नाही. पुनर्विकासात आमची इमारत खाली झाली. आम्ही तात्पुरत्या जागेत राहतो. जिथं श्रीनिवास मिल होती तिथं वर्ल्ड वनचा मनोरा आहे, फिनिक्सचा मॉल होऊन तर नव्या पिढीला ती मिल होती हेही सांगावं लागतं. तिथल्या एका दुकानात मी काचेआड गोधडी टांगलेली पाहिली, हातशिलाईची म्हणून किमतीच्या चिठ्ठीसकट. टाके पाहिले. बरे होते. पण तिला एकदाही धुतलेलं नव्हतं, आणि न धुतलेली गोधडी ही अजून गोधडी झालेली नसते असं माझं प्रामाणिक मत आहे. धुऊन-धुऊन आतले थर एकमेकांत बसतात, दोरा कापडात रुततो, मग ती माणसाच्या अंगाला येते.

आबा गेल्यावर आई गावीच राहते. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी मी गेले ती वाकळ घेऊनच. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर न्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पूर्वी त्या दोन-तीन दिवसांत सगळं गाव नदीच्या दगडांवर वाळत घातलेलं असायचं. आता बऱ्याच घरांत मशीन आलंय आणि वाकळांची जागा चिनी ब्लँकेटांनी घेतलीय, त्यामुळं घाटावर आम्ही चौघीच होतो. रात्री वीज गेली तेव्हा आम्ही अंगणात पडलो. आजीची आठवण निघाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा घरात परत जायला कुणी धजेना. थंडीच्या कडाक्यात कित्येक रात्री माणसं खळ्यात वाकळा अंथरून उघड्यावर झोपली. लहान पोरं रडायची. तेव्हा आजी त्यांना उत्तरेकडं बोट करून दाखवायची: ती बघा म्हातारीची खाट, चार पाय, आणि ते पाठीमागं तीन चोर, खाट पळवायला आलेत. पुस्तकात ज्याला सप्तर्षी म्हणतात ते. पोरं विचारायची, चोर खाट नेतात का? आजी सांगायची, ‘कुठली नेत्यात! म्हातारी जागी हाय. झोपत न्हाई म्हणून तर खाट ऱ्हायली.’ आई त्या वेळी नवी नवरी होती. तिला अजून आठवतं, की वाकळेला बाहेरून दव आणि आतून माणसांची ऊब, आणि मध्येच जमीन हलली की सगळी वाकळ एकदम आवळली जायची.

दुसऱ्या दिवशी नदीवर मी तिला ते कोरं घर दाखवलं. तिथं मांजरपाट विरलंय. म्हटलं, आई, मी त्रिकोणाचा साचा आणलाय, तू सांग, मी कापते. हत्तीची चांदणी आता तरी पुरी करू.

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी भाकरीत साखर घालू का विचारलं.

‘कशाची पुरी करतीस? ती ऱ्हायलेली न्हाई.’

‘मग?’

‘अगं, हस्ताला मी हितंच हुते की. खानावळ आठ दिस काकूंवर टाकून आलेवते. वाकळा धुवायला, घट बसवायला. भात पोटरीला आलंवतं. नदरंनं बघितलं, हातानं चाचपलं. मग चांदणी कशापायी टाचायची?’

एवढं बोलून तिनं साबणाची वडी त्या कोऱ्या घरावर घासली, जरा जास्तच जोरानं. तेव्हा गावी आल्यावर ही वाकळ पाहून आजी काय म्हणाली होती तेही मग सांगितलं. आजीनं ती उलटीपालटी केली, चांदण्यांवर बोट फिरवलं, आणि विचारलं, ‘चांगलं कापड फाडून पुन्यांदा जोडत्यात व्हय मुंबईत?’ मात्र मघेच्या चांदणीपाशी तिचं बोट थांबलं. लुगडं ओळखलं असणार. काही बोलली नाही. त्या रात्री ती वाकळ तिनंच पांघरली आणि सकाळी परत दिली नाही. ती मुंबईला आली आजी गेल्यानंतर.

भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. एक टोक आईनं धरलं, एक मी. पिळायला लागलो तर पाणी निघेना. नुसतीच वाकळ आमच्या हातांत गोल फिरत होती आणि आठ चांदण्या एकापाठोपाठ एक वर येऊन खाली जात होत्या. आई वैतागली. ‘दोघी एकाच अंगाला फिरवतोय. तू तुझ्या उजवीला पिळ, मी माझ्या उजवीला पिळते.’ मी उजवीकडं वळवलं. ती म्हणाली, ‘ही उजवी न्हवं, ती.’ पाचदहा पावलं पलीकडं दगडावर बसलेली बाई हसायला लागली, मग आईही. शेवटी एकदाची वाकळ आवळली, आणि काकूंच्या बाजूनं आधी, मग आमच्या बाजूनं, गढूळ पाणी सुटलं.